ड्युअल झोन पॅड आणि मॉड्यूल: कोणाचं कोणाशी जमलं, कोणाचं नाही

विषय इलेक्ट्रॉनिक ड्रमचा: पॅडवर स्टिक मारायची, केबलने सिग्नल मॉड्यूलमध्ये म्हणजे आवाज काढणाऱ्या डब्यात जातो, आणि ड्युअल झोन म्हणजे पॅडचा मधला भाग (हेड) आणि कड (रिम) यांचे दोन वेगळे आवाज. निकाल आधी सांगतो, पाल्हाळ नंतर. मेश हेडवालं, म्हणजे जाळीचं हेड असलेलं, ड्युअल झोन स्नेअर पॅड एक नंबर आहे, पण स्नेअरच्याच इनपुटमध्ये लावलं तर. तेच पॅड टॉमच्या इनपुटला लावलं की रिम गेली, नुसतं हेड वाजतं. रबरवाल्या ड्युअल झोन पॅडचं बरोबर उलटं, टॉमच्या इनपुटला रिमसकट चालतं पण वाजवायला कडक आणि खोलीत खडखडाट फार. क्रॅश सिंबल चोकसकट (कड धरली की आवाज कापला जातो तो) व्यवस्थित. तीन झोनवाली राईड सिंबल दोनच झोनची होऊन बसली. आणि यातल्या एकाही वस्तूच्या खोक्यावर यातलं काहीही लिहिलेलं नव्हतं, सगळीकडे एकच शब्द छापलाय, ड्युअल झोन, आणि तेवढ्या शब्दावर खरेदी करायची म्हणजे आंधळी कोशिंबीर आहे.

माझ्याकडचं मॉड्यूल आणि पॅड कुठल्या कंपनीचे ते मुद्दाम टाकत नाहीये कारण नाव आलं की लोक नावावरच भांडत बसतात, आणि हा त्रास कुठल्याही एका कंपनीचा नाहीच मुळी. मॉड्यूल मधल्या रेंजचं आहे, मागे प्रत्येक पॅडला वेगळा ६.३५ मिमीचा जॅक, किक, स्नेअर, तीन टॉम, हायहॅट, क्रॅश, राईड आणि एक ऑक्स, म्हणजे जादाचं इनपुट. किटबरोबर आलेले टॉमचे पॅड सिंगल झोन होते म्हणून ते बदलायचे आणि स्नेअर मोठा करायचा असा सगळा घाट.

आता मूळ भानगड काय ती नीट समजून घ्या, मग पुढचं सगळं आपोआप कळतं. ड्युअल झोन पॅडला स्टिरिओ केबल लागते, म्हणजे टीआरएस, प्लगवर दोन काळ्या रेघा असतात ती. टोकाला टिप, मधे रिंग, मागे स्लीव्ह. टिपवर हेडचा सिग्नल, स्लीव्ह म्हणजे ग्राउंड, इथपर्यंत जवळजवळ सगळ्या कंपन्यांचं एकमत. घोळ आहे तो रिंगवर. रिंगवर रिमचा सिग्नल येतो हे बरोबर, पण तो कसला? काही पॅडमध्ये रिमला दुसरा पिएझो असतो, म्हणजे हेडला एक आणि रिमला एक, याला पिएझो/पिएझो म्हणतात. काही पॅडमध्ये रिमला पिएझो नसतोच, रबराच्या खाली एक पातळ पट्टी असते, दाबली की दोन पत्रे एकमेकांना चिकटतात आणि रिंग ग्राउंडला शॉर्ट होते, हा पिएझो/स्विच. दोन्ही ड्युअल झोन. दोन्हीचा जॅक तोच, केबल तीच. मॉड्यूलला मात्र दोन्ही सारखे नाहीत.

पिएझो म्हणजे पितळेची चकती आणि तिच्यावर पांढरट सिरॅमिकचा थर, बहुतेक वेळा २७ किंवा ३५ मिमीची. ठोका बसला की ती स्वतः व्होल्टेज तयार करते, जोरात मारलं तर जास्त, हळू मारलं तर कमी. स्विचचं तसं नाही, तो लाईटच्या बटणासारखा आहे, जोरात दाबा नाहीतर हळू दाबा, लाईट तेवढाच लागणार. मग पिएझो/स्विच पॅडवर रिम हळू आणि जोरात कशी वाजते? तर ती ताकद मोजतो हेडखालचाच पिएझो, स्विच फक्त सांगतो की ठोका कडेला पडला होता. म्हणजे मॉड्यूल टिपवरून बघतं किती जोरात आणि रिंगवरून बघतं कुठे. ही एवढी एक गोष्ट डोक्यात बसली की निम्मे प्रश्न सुटतात, उदाहरणार्थ स्विचवाल्या पॅडवर हलकी क्रॉसस्टिक (स्टिक आडवी ठेवून नुसत्या रिमवर मारलेला ठोका) का लागत नाही, कारण स्विच दाबलाच जात नाही तेवढ्या वजनाने, मॉड्यूलला वाटतं हेडच वाजलं.

स्नेअर पॅडपासून सुरू करतो. १० इंची, मेश हेड, मधोमध फोमचा शंकू, पिएझो/पिएझो. आल्या आल्या हूप, म्हणजे हेड धरून ठेवणारं कडं, काढून आत बघितलं, मला सवयच आहे. आत आडवी पत्र्याची पट्टी, तिच्यावर मधोमध फोमची गादी, गादीवर पिएझो, पिएझोवर शंकू. शंकूचं टोक शेलच्या (पॅडच्या बाहेरच्या गोल भांड्याच्या) काठापेक्षा थोडं वर, एकदोन मिमी, म्हणजे हेड ताणल्यावर टोक हेडला हलकं टेकून राहतं. हे एकदोन मिमी फार महत्त्वाचे आहेत, शंकू खाली राहिला तर हलके ठोके गायब, फार वर आला तर बरोबर मधे एक जागा अशी होते की तिथे मारलं की एकदम ढण्ण आणि दोन बोटं बाजूला मारलं की नॉर्मल. शंकू मधोमध असलेल्या सगळ्याच पॅडवर हा हॉटस्पॉट थोडाफार असतो, पण माझ्याकडचा सुसह्य आहे. रिमचा पिएझो त्याच पट्टीच्या एका टोकाला, शेलला लागून, डबल साईड टेपने चिकटवलेला. सोल्डरिंग स्वच्छ. वायर मात्र केसासारखी बारीक, हूप काढताना ओढली तर तुटणार हे नक्की, तेव्हा उघडणाऱ्यांनी सावकाश.

स्नेअरच्या इनपुटला लावलं, पॅड टाईपमध्ये जवळचं नाव निवडलं, आणि पहिल्यांदा वाजवलं तेव्हाच बरं वाटलं. हेड वेगळं, रिमशॉट वेगळा, क्रॉसस्टिक वेगळी. दोन पिएझो असल्यावर मॉड्यूल काय करतं तर दोन्हीकडून आलेले सिग्नल शेजारी ठेवून तुलना करतं, हेडचा मोठा आणि रिमचा बारका म्हणजे साधा ठोका, दोन्ही दणकून म्हणजे रिमशॉट, रिमचाच आणि हेडचा नावाला म्हणजे क्रॉसस्टिक. आता हेडवर जोरात मारलं तरी शेल हादरतोच, रिमच्या पिएझोला काहीतरी पोचतंच, म्हणून ही तुलना कुठे बदलायची याची सेटिंग मॉड्यूलमध्ये द्यावी लागते. रोलँडच्या मेनूत रिम गेन आणि हेड/रिम ॲडजस्ट अशा नावांनी ती सापडते, बाकीच्यांकडे नावं वेगळी पण काम तेच. माझ्याकडे फॅक्टरी सेटिंगवर जोरात मारलेल्या दहातल्या काही साध्या ठोक्यांना उगाच रिमशॉट लागत होता, ॲडजस्ट दोनतीन घरं हेडकडे सरकवलं, बंद झाला. जास्त सरकवलं तर खरा रिमशॉट पण हेडच वाजायला लागतो, तेव्हा एकेक घर सरकवा आणि प्रत्येक वेळी हळू, मध्यम, जोरात असं तिन्ही वाजवून बघा. घाई करणाऱ्याचं काम नाही हे.

हेडचा ताण पण यात येतो. मेश हेड ढिलं असलं की स्टिक आत बुडते, हेड परत उसळून शंकूवर आपटतं आणि एका ठोक्याला दोन आवाज. लोक लगेच मॉड्यूलच्या मेनूत घुसतात, आधी चावी घेऊन हेड ताणा रे बाबांनो. सगळे लग (ताणायचे स्क्रू) सारखे, समोरासमोरचे एकेक करून. मेश हेडची ही करामत १९९७ मध्ये रोलँडने ड्रमची हेड बनवणाऱ्या रेमोबरोबर मिळून टीडी-१० मॉड्यूलच्या किटमध्ये आणली तेव्हापासून ताण हा सेटिंगचाच भाग झालाय, हे मॅन्युअलमध्ये असतं पण तेवढं पान कोणी उघडत नाही.

आता खरी गंमत. असाच अजून एक, ८ इंची, त्याच कंपनीचा, मेश, पिएझो/पिएझो, हा टॉमसाठी घेतला. टॉम १ ला लावला. हेड झकास. रिम शून्य. रिमवर कितीही बडवा, आवाज येतो तो हेडचाच, तोही बारीक. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर काय, सर पॅडमध्ये फॉल्ट असेल, बदलून देतो. पॅडमध्ये काही फॉल्ट नव्हता, तोच पॅड काढून स्नेअरच्या इनपुटला लावला की रिम टणटणीत. मॉड्यूलच्या मॅन्युअलच्या शेवटी, जिथे चेतावण्या आणि इतर कंटाळवाणा मजकूर असतो त्याच्या आधी, एक बारीक अक्षरातलं कोष्टक आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की स्नेअर इनपुट दोन्ही प्रकार घेतं आणि टॉम, क्रॅश, राईड हे फक्त पिएझो/स्विच. झालं. टॉमचं इनपुट रिंग ग्राउंडला शॉर्ट होण्याची वाट बघतंय आणि आपला पिएझो काही शॉर्ट होत नाही, तो बिचारा व्होल्टेज पाठवतोय जे कोणी वाचतच नाही. खर्च कमी करायला कंपन्या हे करतात आणि त्यात चूक काही नाही, पण मग ते जाहिरातीच्या पानावर ठळक लिहा की. सर्व इनपुट ड्युअल झोन असं छापायचं आणि कसलं ड्युअल ते शेवटच्या पानात दडवायचं याला माझ्याकडून सरळ शून्य मार्क.

आणि विक्रेत्यांचं काय सांगावं, विचारलं की एकच उत्तर, सगळं सगळ्याला चालतं. चालतं म्हणजे आवाज येतो, एवढाच त्यांचा अर्थ.

पॅड हातात असेल आणि कागद नसेल तर कसला आहे ते ओळखायचा खात्रीचा उपाय आहे, मल्टीमीटर. स्टिरिओ केबल पॅडला लावा, दुसरं टोक मोकळं, मीटर कंटिन्युइटीवर ठेवा, एक टोक रिंगवर आणि एक स्लीव्हवर. आता अंगठ्याने रिम दाबा. पीं आवाज आला आणि सोडल्यावर थांबला म्हणजे स्विच. कितीही दाबलं तरी गप्प म्हणजे पिएझो, किंवा मग तुटलेली वायर. ते तपासायला मीटर एसी व्होल्टवर सगळ्यात छोट्या रेंजला न्या आणि रिमवर स्टिक आपटा, आकडा उडाला तर पिएझो जिवंत. काही पॅडमध्ये आत रेझिस्टर टाकलेला असतो त्यामुळे ओमवर काहीतरी आकडा दिसतो, पण रिम दाबून तो हलत नसेल तर तो स्विच नव्हे. पाच मिनिटांचं काम आहे आणि सेकंडहँड पॅड घेताना तर मीटर खिशात घालूनच जावं, विकणाऱ्याला राग आला तर येऊ दे.

मग टॉमसाठी रबरवालं ८ इंची पिएझो/स्विच घेतलं. रोलँडचं पीडी-८ ज्यांनी बघितलंय त्यांना हा प्रकार माहीत असेल, सपाट रबर, कडेला उंचवटा, त्या उंचवट्याखाली स्विचची पट्टी. टॉमच्या इनपुटला लावताच हेड आणि रिम दोन्ही सुरू, काही सेटिंग न करता. रिमवर काउबेल टाकली, दुसऱ्यावर क्लॅप, मजा आली. पण दोन गोष्टी. एक, रबरावर मनगटाला कळतं, मेशवर तासभर वाजवून रबरावर आलं की लगेच जाणवतं, आणि शेजारच्या खोलीत पण ऐकू जातं. दुसरं, आधी म्हटलं तसं, रिमची ताकद हेडखालचा पिएझो मोजतो म्हणून रिमचे हलके ठोके एकसारखे येत नाहीत, पट्टी नीट दाबली गेली तर रिम, नाहीतर हेड. इफेक्ट वाजवायला एकदम योग्य, नाजूक कामाला नाही. टॉमच्या रिमवर नाजूक काम करतोच कोण, म्हणून मी यावर खूश आहे.

मेशवालं ८ इंची मग वाया गेलं का, तर नाही. माझ्या ऑक्स इनपुटबद्दल त्या कोष्टकात दोन्ही प्रकार चालतात असं होतं, तिथे लावलं आणि दुसरा छोटा स्नेअर म्हणून वापरतोय, रिमसकट. सर्किटची आवड असणाऱ्यांसाठी अजून एक वाट आहे, रिमच्या पिएझोचा सिग्नल घेऊन त्यावरून ट्रान्झिस्टर चालवणारी छोटी पाटी बनवायची, म्हणजे मॉड्यूलला रिंग शॉर्ट झाल्यासारखी दिसते. चालतं ते, पण रिम किती संवेदनशील ठेवायची हे पाटीवरच्या छोट्या प्रीसेटने (फिरवून बदलायच्या रेझिस्टरने) जुळवावं लागतं आणि पाटीला वीज कुठून द्यायची हा वेगळा खटाटोप. ज्यांना सोल्डरिंग येत नाही त्यांनी गप्प स्विचवालं पॅड घ्यावं.

सिंबलबद्दल थोडक्यात कारण तिथे त्रास कमी. दोन झोनच्या सिंबलमध्ये बो म्हणजे वरचा भाग पिएझोवर आणि एज म्हणजे कड स्विचवर, बहुतेक सगळ्या कंपन्यांचं असंच. त्याच स्विचने चोक पण होतो, कड पकडून धरली की स्विच बंद राहतो आणि मॉड्यूल आवाज कापतं. माझा क्रॅश वेगळ्या कंपनीचा, मॉड्यूल वेगळ्या कंपनीचं, तरी पहिल्या दणक्यात चाललं. कडेवर तिरकी स्टिक मारली तरच एज लागते, सपाट मारली तर बो, हे समजून वाजवलं की तक्रार नाही. एक बघा, लोगो असतो ती बाजू आणि वाजवायची बाजू, स्विच पूर्ण गोल नसतो बऱ्याच सिंबलमध्ये, अर्ध्या कडेलाच असतो, तेव्हा सिंबल स्टँडवर फिरला तर अचानक एज बंद, आणि लोक केबल बदलत बसतात. फिरू नये म्हणून खाली जो स्टॉपर येतो तो लावा, फेकून देऊ नका.

राईडने मात्र पिडलं. तीन झोन म्हणजे बो, एज, बेल (मधला घुमट), आणि हे तीन झोन पाठवायच्या पद्धती कंपनीगणिक वेगळ्या. यामाहाचे तीन झोनवाले सिंबल एकाच स्टिरिओ केबलवर तिन्ही पाठवतात, आत दोन स्विच, एक रिंगला थेट ग्राउंडला नेतो आणि दुसरा १० किलोओमच्या रेझिस्टरमधून, मॉड्यूल रेझिस्टन्स मोजून ठरवतं की कड की बेल. रोलँडच्या सीवाय-१३आर किंवा सीवाय-१५आर सारख्या राईडला दोन जॅक असतात, एक बो/एज आणि एक बो/बेल, आणि मॉड्यूलवर पण दोन इनपुट लागतात. दोन्ही पद्धती आपापल्या घरी उत्तम, एकमेकांच्या घरी पाहुण्या. माझी राईड एका केबलवाली आणि मॉड्यूलला ती रेझिस्टरची युक्ती कळत नाही, त्यामुळे बो आणि एज चालतात आणि बेलवर मारलं की बोचाच आवाज. आता बेल हवीच असेल तर राईडसाठी तरी मॉड्यूलवाल्याच कंपनीचा सिंबल घ्या, हे माझं स्पष्ट मत. टॉममध्ये मिसळामिसळ चालेल, राईडमध्ये नको. २०१६ मध्ये रोलँडने टीडी-५० बरोबर यूएसबीने जोडायचा स्नेअर आणि राईड काढले, पीडी-१४०डीएस आणि सीवाय-१८डीआर, त्यात टिप रिंगचा प्रश्नच संपला पण मग ते डिजिटल इनपुट असलेल्या मॉड्यूललाच चालणार, दुसऱ्या कंपनीचं मॉड्यूल विसरा.

केबलवर दोन शब्द, खरं तर दोनाहून जास्त, कारण निम्म्या तक्रारी केबलच्याच असतात. गिटारची मोनो केबल ड्युअल झोन पॅडला लावू नका. मोनो प्लगला रिंग नसते, जॅकमधली रिंगची पत्ती सरळ स्लीव्हला टेकते, म्हणजे मॉड्यूलला वाटतं रिमचा स्विच कायम दाबलेला आहे. मग प्रत्येक ठोका रिमचा वाजतो, किंवा सिंबल असेल तर सुरू होताच चोक होतो, किंवा काहीच वाजत नाही, मॉड्यूलप्रमाणे वेगवेगळे चमत्कार. स्टिरिओ केबल घ्या, जाड महागडी नको, साधी पण प्लग घट्ट बसणारी. पॅडच्या बाजूला एल आकाराचा प्लग असेल तर बरं, स्टिकचा आणि गुडघ्याचा मार लागत नाही. प्लग पूर्ण आत गेलाय का ते बघा, शेवटची टक् झाली पाहिजे, अर्धा बसला तर टिप रिंगच्या जागी येते आणि हेड बंद रिम चालू असलं विचित्र काहीतरी होतं. सगळ्या केबल एका जुडीत येतात अशी २५ पिनांच्या कनेक्टरची मॉड्यूल असतील त्यांनी अजून एक तपासावं, काही किटच्या जुडीत टॉमचा फाटा मोनोच असतो, पॅड बदलला तरी रिम येणार कुठून.

स्प्लिटरचा जुगाड बऱ्याच जणांना हवा असतो, म्हणजे एका ड्युअल इनपुटवर दोन सिंगल पॅड. होतं हे, पण इनपुट पिएझो/पिएझो असेल तरच. केबल हवी एक टीआरएस आणि पलीकडे दोन मोनो, मिक्सरसाठी जी इन्सर्ट केबल मिळते तिचं वायरिंग हेच असतं, टिप एका प्लगला आणि रिंग दुसऱ्याला. हेडफोन दोघांनी ऐकायचा जो वाय अडॅप्टर असतो तो नको, तो दोन्हीकडे तेच सिग्नल समांतर देतो. किटबरोबर आलेले सिंगल झोन टॉम माझ्याकडे पडूनच होते, दोन पॅड असे ऑक्सवर लावून बघितले, चालले, पण मॉड्यूल त्या दोघांना अजून एकाच पॅडचे हेड आणि रिम समजतं, त्यामुळे दोन्ही एकदम वाजवले तर एकच आवाज येतो कधी कधी. आळीपाळीने वाजवायचे पर्कशनचे आवाज ठेवले तर ठीक, फ्लोअर टॉम आणि दुसरा टॉम असं जोडलं तर फ्लॅममध्ये (दोन ठोके जवळजवळ एकदम) हमखास एक ठोका गिळला जाणार. रोलँडच्या टीएम-२ सारख्या छोट्या डब्यात दोनच ट्रिगर इनपुट असतात आणि ते दोन्ही ड्युअल आहेत, तिथे ही केबल वापरून चार सिंगल पॅड लावायची सोय कंपनीनेच धरलेली आहे. ज्यांचा सगळा आवाज कॉम्प्युटरवर आहे त्यांना ड्रम मॉड्यूलऐवजी ट्रिगरचं मिडी, म्हणजे कॉम्प्युटरला कळणारे संदेश, करणारा डबा पण पुरतो, अलेसिसच्या ट्रिगर आयओला असे १० टीआरएस इनपुट होते, पण तिथेही तोच प्रश्न आधी विचारा, रिंगवर काय घेतं.

सेटिंगचा क्रम माझा असा. आधी पॅड टाईप, कारण तो बदलला की बाकी सगळे आकडे परत मूळपदावर जातात, शेवटी बदललात तर केलेली मेहनत पाण्यात. मग सेन्सिटिव्हिटी, जोरात मारून बघा, मॉड्यूलमधला मीटर जेमतेम टोकाला लागला पाहिजे, प्रत्येक मध्यम ठोक्याला लागत असेल तर कमी करा. मग थ्रेशोल्ड, स्टँडला पायाने हलका धक्का मारल्यावर पॅड वाजायला नको पण बोटाने टिचकी मारल्यावर वाजायला हवा. मग स्कॅन टाईम, म्हणजे ठोका आल्यावर मॉड्यूल किती वेळ थांबून त्याची उंची बघतं, रोलँडमध्ये ० ते ४ मिलिसेकंद. कमी ठेवलं तर आवाज पटकन पण कधी मोठा कधी लहान असा येतो, जास्त ठेवलं तर एकसारखा पण किंचित उशिरा. त्या उशिराची फार चिंता करू नका, आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंमी जातो, म्हणजे स्पीकर मीटरभर लांब ठेवलात तर तिथेच तीन मिलिसेकंद गेले. मास्क टाईम, म्हणजे एका ठोक्यानंतर मॉड्यूल किती वेळ दुसरा ठोका घेत नाही, सगळ्यात शेवटी, डबल ट्रिगर (एका ठोक्याला दोन आवाज) राहिलाच तर. तो वाढवला की दुसरा आवाज जातो हे खरं पण रोल वाजवताना खरे ठोके पण जातात, म्हणून हेड ताणून, रिट्रिगर कॅन्सल थोडं वाढवून काम होत असेल तर मास्कला हात लावू नका.

क्रॉसटॉक, म्हणजे एका पॅडच्या ठोक्याने दुसरा पॅड वाजणं, हा वेगळा विषय. नवीन पॅड रॅकवर लावल्यावर टॉम वाजवला की स्नेअरची रिम टिकटिक करायला लागली. स्विचवाल्या रिमला हे होत नाही, दाब पडल्याशिवाय स्विच लागत नाही, पण पिएझो रिमला रॅकची थरथर पण पुरते. मॉड्यूलमध्ये क्रॉसटॉक कॅन्सल असतं, ते वाढवलं की दोन पॅड एकदम वाजवताना बारीक ठोका कापला जातो, म्हणजे तिथेही देवाणघेवाण आहेच. मी स्नेअर पॅड रॅकवरून काढून वेगळ्या स्नेअर स्टँडवर ठेवला आणि प्रश्न मिटला, कॅन्सल मूळच्या आकड्यावर. स्नेअरला स्वतंत्र स्टँड असणं ही चैन नाही, पिएझो/पिएझो पॅड घेत असाल तर ती किंमत त्याच्यात धरूनच चाला.

घरी पॅड बनवणाऱ्यांसाठी एक गोष्ट, दोन पिएझोची दिशा सारखी ठेवा. सिरॅमिकची वायर टिपला आणि पितळेची ग्राउंडला, रिमला पण तसंच, सिरॅमिक रिंगला. एक उलटा लागला तर पहिली लाट उलटी जाते आणि काही मॉड्यूल ती बघतच नाहीत, पुढची लाट येईपर्यंत थांबतात, मग हलके ठोके कमजोर आणि रिमची ओळख चुकते. रिमचा आवाज एकदा बरोबर एकदा चूक असं होत असेल आणि सेटिंगने सुटत नसेल तर मेनू बंद करा आणि सोल्डरिंग आयर्न काढा.

मार्क द्यायचेच तर मेश स्नेअर पॅडला पाचपैकी साडेचार, अर्धा त्या केसासारख्या वायरसाठी कापला. रबर पॅडला साडेतीन. क्रॅशला चार. राईडला दोन, तिचा दोष नसला तरी दोन, कारण बेल वाजत नाही आणि मला बेल हवी आहे. मॉड्यूलला आवाजासाठी चार आणि मॅन्युअलच्या शेवटच्या पानासाठी वजा एक. विक्रेत्याने राईड परत घ्यायला आधी टाळाटाळ केली, चालतीये ना मग काय प्रॉब्लेम म्हणाला, मग मी बेलवर मारतानाचा व्हिडिओ आणि मॅन्युअलमधल्या कोष्टकाचा फोटो पाठवला तेव्हा बदली मान्य केली. आता मॉड्यूलच्याच कंपनीची दोन जॅकवाली घेतोय, मात्र माझ्या मॉड्यूलवर राईडला जॅक एकच आहे, तेव्हा बेलचा जॅक ऑक्सला जाणार आणि तिथला छोटा स्नेअर निघणार, आणि त्या ८ इंची मेश पॅडला परत एकदा नवीन जागा शोधायची आहे, कोणाला पिएझो/पिएझो चालत असेल तर सांगा, विकायचा आहे.